ताळा न मागणारे बीजगणित

बीजगणित शिकवणाऱ्या मोबाइल-खेळांबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर जाहिरातीचा, दुसरा ‘मोबाइलने पोरे बिघडली’ असा गळा काढण्याचा. दोन्हींत एक गोष्ट समान असते : खेळ कोणी शेवटपर्यंत खेळलेला नसतो. कादंबरीवर लिहिताना निदान ती वाचावी एवढा संकेत मराठी समीक्षेत अजून शिल्लक आहे. तो या नव्या वाङ्मयप्रकारालाही लागू करावा असे मला वाटते. खेळाला रचना असते, गृहीतके असतात आणि लेखकाप्रमाणे आपला वाचक कोण याची एक कल्पनाही असते. म्हणून येथे एक खेळ पुस्तकासारखा वाचायचा आहे. वाचक मात्र त्याच्या कर्त्यांनी कल्पिलेला नाही. पोहरादेवीच्या आसपासच्या एखाद्या तांड्यावरचे सहावी-सातवीतले मूल समोर ठेवून तो वाचायचा आहे.

पोहरादेवीच का? वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, रामनवमीला येथे देशभरातून माणसे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. आणि हाच वाशीम जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्याच्याबरोबर नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद होते. म्हणजे वारसा मोठा आणि शिक्षण-आरोग्याचे आकडे मागे, अशी ही जागा. पण माझ्या दृष्टीने खरे कारण भाषेचे आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते, आईला याडी म्हणते. शाळेत ते मराठीत शिकते. आणि सहावीत त्याच्यापुढे तिसरी भाषा येते, जिच्यात अक्षरे आहेत पण शब्द नाहीत. शब्दांवाचून बीजगणित शिकवतो असे म्हणणारा खेळ अशाच मुलासाठी वरदान ठरायला हवा. ठरतो का, एवढाच प्रश्न आहे.

खेळाचे नाव ड्रॅगनबॉक्स अल्जेब्रा. २०१२ साली तो नॉर्वेतून आला. ज्यां-बाप्टिस्ट ह्यून या गणितशिक्षकाची ती कल्पना. पडदा उभा दोन भागांत कापलेला असतो. दोन्ही बाजूंना चित्रांचे पत्ते : किडे, मासे, विचित्र तोंडांचे प्राणी. त्यांच्यात कोठेतरी एक चमचमणारी पेटी. पेटीला तिच्या बाजूला एकटे पाडायचे, म्हणजे आतला ड्रॅगन बाहेर येऊन समोरचे सगळे खाऊन टाकतो आणि डाव जिंकला जातो. प्रत्येक पत्त्याला दिवसाचे एक रूप असते आणि रात्रीचे एक. दिवसावर रात्र ठेवली की हिरवे भोवरे उरते, आणि भोवऱ्याला बोट लावले की तेही नाहीसे होते. खालच्या हातातला पत्ता एका बाजूला टाकला तर दुसऱ्या बाजूलाही तोच टाकावा लागतो. पुढे पत्त्याखाली पत्ता ठेवता येतो, वरखाली सारखे आले की एक ठिपका उरतो. मग हळूहळू, मुलाला चाहूलही लागू न देता, किड्यांच्या जागी अक्षरे येतात, पेटीवर एक्स उमटतो, मधल्या फटीत बरोबरचे चिन्ह उगवते. मूल मान वर करून पाहते तेव्हा ते दोन पदांचे समीकरण सोडवीत असते.

याला दाद दिलीच पाहिजे. ऋण संख्या म्हणजे रात्र, शून्य म्हणजे भोवरे, भागाकार म्हणजे खाली ठेवणे. हे रूपकांचे काम आहे आणि ते चांगल्या कवीच्या काटकसरीने केलेले आहे. त्यातही श्रेष्ठ गोष्ट म्हणजे रूपक सोडून देण्याची वेळ कर्त्याला कळली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत सहावीला तराजूचे चित्र येते, पारडी समतोल असतात, आणि एका पानानंतर तराजू गायब होऊन कोरडी समीकरणे सुरू होतात. चित्रापासून अक्षरापर्यंतचा रस्ता मुलाने स्वतः ओलांडायचा असतो. ड्रॅगनबॉक्स तो रस्ता बोटाला धरून, पावलापावलाने पार करवतो. चूक झाली म्हणून कोणी हसत नाही, छडी नाही, वही नाही. ज्या मुलाला उठून उत्तर देताना मराठीची आणि गणिताची अशी दुहेरी भीती वाटते, त्याला हे केवढे मोठे अभय आहे हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. एका बाजूला पत्ता टाकला की खेळ दुसऱ्या बाजूला रिकामी जागा दाखवतो आणि ती भरेपर्यंत पुढची चाल करू देत नाही. बीजगणितातली सर्वांत मोठी चूक, म्हणजे एकीकडे केलेली क्रिया दुसरीकडे न करणे, या खेळात करताच येत नाही. कर्त्यांना हा गुण वाटला असावा. मला हा खेळाचा मुख्य दोष वाटतो. जी चूक करण्याची मुभाच नाही, तिच्यामागचा नियम मुलाचा होत नाही, तो यंत्राचा राहतो. कागदावर रिकामी जागा लुकलुकत नाही. तेथे मुलाला स्वतःला आठवावे लागते, आणि आठवण्यासाठी ‘का’ माहीत असावे लागते. हा ‘का’ खेळात कोठेच नाही. दोन्हीकडे तोच पत्ता का टाकायचा? खेळाचे उत्तर एवढेच : कारण टाकल्याशिवाय चालत नाही.

दुसरी उणीव याहून खोल आहे. मराठी शाळांत गणित सोडवून झाले की ताळा करायला सांगत. मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालायची, दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. आज किती वर्गांत हे होते हा वेगळा विषय. पण ताळा हा बीजगणिताचा प्राण आहे. समीकरण म्हणजे एका अज्ञात संख्येविषयीचे विधान, आणि विधान खरे किंवा खोटे असते, हे ताळ्यातूनच कळते. ड्रॅगनबॉक्समध्ये ताळा नाही. पेटी एकटी पडली की डाव संपला. पलीकडे किड्यांची गर्दी उरली तरी हरकत नाही, तिची बेरीज करून एक संख्या सांगायचीही गरज नाही. पेटीत काय होते हा प्रश्न खेळ विचारीतच नाही. हे बीजगणित आहे खरे, पण ते कशाबद्दलचेही नाही.

ही केवळ समीक्षकाची कुरकुर नव्हे. खेळाची कीर्ती झाली ती २०१३ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात. झोरान पोपोविच यांच्या गटाने खेळाची बदललेली आवृत्ती घेऊन पाच दिवसांची स्पर्धा भरवली. चार हजारांवर मुलांनी सुमारे ३ लाख ९० हजार समीकरणे सोडवली आणि दीड तास खेळलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के मुलांनी प्रावीण्य मिळवले असे जाहीर झाले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण प्रावीण्य मोजले होते खेळातच. खेळात पारंगत झालेली मुले खेळात पारंगत आहेत, एवढेच त्यातून सिद्ध होते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात यांजिन लाँग आणि व्हिन्सेंट अलेव्हन यांनी याच खेळाची तुलना लिनेट नावाच्या साध्या संगणकीय शिकवणीशी केली. तिच्यात ड्रॅगन नाही, समीकरणे आहेत आणि पायरीपायरीला सूचना आहेत. खेळणाऱ्या मुलांनी कितीतरी जास्त उदाहरणे सोडवली, त्यांना मजाही जास्त आली. नंतरच्या चाचणीत मात्र शिकवणीची मुले पुढे होती. हा अभ्यास २०१७ साली सविस्तर प्रसिद्ध झाला.

येथेच थांबून ‘पाहा, खेळ फोल’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते अप्रामाणिक होईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, करोनाच्या वर्षात सातवीच्या मुलांना घेऊन, ड्रॅगनबॉक्स आणि एरिन ऑटमार यांच्या गटाचा ‘फ्रॉम हिअर टू देअर’ हा दुसरा खेळ यांची तुलना संगणकावरच्या नेहमीच्या सरावाशी झाली. दोन्ही खेळांची मुले नेहमीचा सराव करणाऱ्यांच्या पुढे राहिली. म्हणजे पुरावा दोन्हीकडे बोलतो. मला त्याचा अर्थ असा लागतो की खेळाची सरशी होते की नाही हे त्याला कशाशी तोलता यावरही अवलंबून असते. निर्जीव सरावापेक्षा खेळ बरा. समजावून सांगणाऱ्या शिकवणीपेक्षा तो बरा असेलच असे नाही. पोहरादेवीच्या परिसरात प्रश्न असा पडतो की खेळ कशाच्या जागी येणार आहे. शिक्षकाच्या जागी येणार असेल तर एक उत्तर, गुरुजी रजेवर असतानाच्या मोकळ्या तासात येणार असेल तर दुसरे.

बरोबरच्या चिन्हाकडे जरा वळू. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत सहावीच्या १४५ मुलांना विचारले होते : ८ + ४ = □ + ५, चौकटीत काय? एकानेही ७ लिहिले नाही. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा, ही समजूत प्राथमिक शाळेत घट्ट बसलेली असते. मराठीत तिला भाषेचीही साथ मिळते. आपला ‘बरोबर’ हा शब्द तीन कामे करतो. तुझे उत्तर बरोबर, म्हणजे अचूक. तू माझ्याबरोबर ये, म्हणजे सोबत. आणि दोन अधिक तीन बरोबर पाच, म्हणजे समान. पहिलीपासून मूल ‘बरोबर’ ऐकते ते बहुतेक वेळा शाबासकी म्हणून. त्यामुळे समीकरण वाचतानाही त्याला उजव्या बाजूला शाबासकीजोगे उत्तर हवे असते. ड्रॅगनबॉक्स हा तिढा सोडवीत नाही, बगल देतो. तेथे आधी नुसती फट असते आणि चिन्ह शेवटी सजावटीसारखे येते. मराठी शिक्षकाला मात्र हा शब्द रोज तोंडाने उच्चारावा लागतो. ‘इतकेच’ किंवा ‘दोन्ही सारखे’ असा आलटून पालटून वापर करून पाहणारे शिक्षक असतात, आणि त्यांचे हे छोटे भाषांतर मला कुठल्याही ड्रॅगनहून मोलाचे वाटते.

शब्दांवाचूनचे बीजगणित ही कल्पना आपल्या परंपरेला किती परकी आहे हे पाहायचे तर भास्कराचार्यांकडे जावे लागते. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा सिद्धान्तशिरोमणी ११५० सालचा. त्यांनी अंकगणिताला व्यक्त म्हटले आणि बीजगणिताला अव्यक्त. अज्ञात राशीला नाव दिले यावत्-तावत्, म्हणजे जेवढे-तेवढे. दुसरी अज्ञात राशी आली की रंग येतात : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिली अक्षरे, या, का, नी. ज्ञात संख्येपुढे रू, म्हणजे रूप. ऋण संख्येवर एक टिंब. ही चिन्हे आहेत, पण प्रत्येक चिन्हामागे बोलता येणारा शब्द आहे. ‘या’ हे अक्षर सुटे पडले तरी त्यातून ‘जेवढे असेल तेवढे’ ऐकू येते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी ‘क्ष’ लिहिला. तो आज क्ष-किरणांत आणि ‘क्ष व्यक्ती’त उरला आहे. पुस्तकांत एक्स आला. एक्स मुलाशी काही बोलत नाही. पेटी त्याहून बरी, निदान तिच्यात काहीतरी आहे एवढे ती सांगते. पण काय आहे हे शोधण्याआधीच ड्रॅगन बाहेर येतो.

बीजगणितात भास्कराचार्यांचे एक उदाहरण आहे. एकाजवळ सहा घोडे आणि तीनशे रूप, दुसऱ्याजवळ दहा घोडे पण शंभराचे ऋण, आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर घोड्याची किंमत किती? चार घोडे बरोबर चारशे, म्हणून एकाची शंभर. ताळा : सहाशे आणि तीनशे, नऊशे, हजारातून शंभर गेले, नऊशे. या उदाहरणात घोड्यांच्या जागी बैल घाला आणि ते तांड्याचे होते. ज्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले त्यांच्या घरात हा प्रश्न परका नाही. आणि ऋण ही कल्पना तर अजिबातच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे काय हे त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला कळते. हंगामभर कोयता चालवून आधी उचल फिटते, मग जे उरेल ते घरी येते. कधी काहीच उरत नाही, उलट पुढच्या वर्षीसाठी बाकी राहते. ऋण संख्येची ही जिवंत व्याख्या आहे. तिला रात्रीचा किडा करण्यात गंमत आहे, पण मुलाला आधीच माहीत असलेली गोष्ट त्यात वाया जाते.

अर्थात, बाजारातला हिशेब येतो म्हणून वहीतला आपोआप येईल असे मानणे भाबडेपणाचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले पाहिली. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब ती तोंडी अचूक करीत; तीच क्रिया शाळेच्या रूपात मांडली की अडत. उलट शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना. हाच धडा खेळालाही लागू आहे. बाजारातून वहीत, पडद्यावरून वहीत, गोरबोलीतून मराठीत : प्रत्येक ठिकाणी मध्ये पूल लागतो आणि तो कोणीतरी शब्दांनी बांधावा लागतो.

असा पूल बांधण्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर काम करून अंकगणितातून बीजगणितात नेण्याची एक वाट आखली. तिचा गाभा ‘पद’ ही कल्पना. संख्या तिच्या आधीच्या चिन्हासकट एक पद मानायची, आणि राशी सोडवण्याआधी तिच्याकडे नुसते पाहायला शिकायचे. १८ + २७ आणि १७ + २८ हे सारखे आहेत का, बेरीज न करता सांगा. मूल म्हणते, इकडून एक तिकडे गेला. हे वाक्य बीजगणिताचे आहे, त्यात एक्स नसला तरी. यासाठी फोन लागत नाही, खडू लागतो; आणि मुलाला बोलू देणारा वर्ग लागतो.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे. २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले रणजितसिंह डिसले यांचे नाव पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडशी जोडले गेले आहे, आणि बातम्यांत गाजले ते तंत्रज्ञानच. पण त्या कामातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी : मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी ती शिकून घेतली आणि मजकूर तिच्यात आणला. कोड हे केवळ दार होते. पुढे कोड सगळीकडे गेले, आज बालभारतीच्या पुस्तकांवर ते दिसतात. घरच्या भाषेचा भाग मागे राहिला. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, आठव्या अनुसूचीत ती नाही. संग्रहालयात तिची गाणी आणि लेणी जपली जाणे योग्यच आहे; तिच्यात समीकरण समजावून सांगणारा आवाज मात्र मोबाइलवरही विरळाच.

आता फोनचे. ‘असर’च्या २०२४ सालच्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो काही शैक्षणिक कामासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. या आकड्यांच्या मागे घर उभे असते. फोन बापाचा, तो कामावर त्याच्याबरोबर जातो, रात्री परत येतो तेव्हा बॅटरी संपत आलेली, आणि मग तो आधी थोरल्या भावाच्या हाती जातो. सातवीतल्या मुलीच्या वाट्याला दिवसाची वीस मिनिटे आली तरी पुष्कळ. एका मुलाला एक उपकरण आणि निवांत वेळ असे गृहीत धरलेला खेळ या घरात पुरता बसत नाही.

सामायिक उपकरणावरच्या खेळाचा एक जुना प्रयोग वडोदऱ्यात झाला होता. ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून गणिताचे खेळ दिले. गुण चांगलेच वाढले. वर्षभरानंतर पाहिले तर त्या वाढीचा बराचसा भाग ओसरला होता. मला या प्रयोगातले ‘दोघे’ महत्त्वाचे वाटतात. दोन मुले एका पडद्यापुढे बसली की भांडतात, आणि भांडण बोलून होते. ‘तो नको टाकू’ ‘का?’ ‘मग इकडेपण टाकावा लागेल ना!’ खेळाच्या कर्त्यांनी गाळलेला ‘का’ अशा वेळी शेजारच्या मुलाच्या तोंडून येतो, आणि तांड्यावर तो गोरबोलीत येईल.

खेळांची घडणही बदलता येते, याचा अनुभव भारतातच आहे. मॅथ्यू काम यांच्या गटाने ग्रामीण मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारे खेळ करताना आधी तयार पाश्चात्त्य धाटणीचे खेळ दिले. ते मुलांना उमगेनात. मग त्यांनी २८ पारंपरिक गावखेळांचा अभ्यास केला आणि २००९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. बीजगणितासाठी असे काही मराठीत करायचे झाले तर ड्रॅगनच्या जागी बैल बसवण्याने भागणार नाही. तो नुसता वेश पालटणे होईल. करायला हवे ते हे : चूक करू द्यावी. एकीकडे टाकून दुसरीकडे विसरले तर डाव पुढे जाऊ द्यावा आणि शेवटी ताळा मागावा. पेटी उघडावी, आतली संख्या मूळ जागी घालून पाहायला लावावी, आणि न जुळल्यास कुठे बिघडले ते मुलाने मागे जाऊन शोधावे. आवाज असावा, मराठीत आणि गोरबोलीत, आणि दोन्ही एकाच डावात बदलता यावेत. डाव दोघांचा असावा. इंटरनेट नसले तरी चालावा.

शेवटची अट सर्वांत अवघड आहे आणि ती तंत्राची नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास टोळ्या निघालेल्या असतील, कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. जी मुले आईबापांबरोबर जातात त्यांचे सहावी-सातवीचे बीजगणित नेमके याच महिन्यांत शिकवले जाते. फोन त्यांच्याबरोबर जातो, शाळा जात नाही. फडावरच्या कोपीत संध्याकाळी खेळलेला डाव फोनमध्ये नोंदला जाईल. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत येईल तेव्हा ती नोंद पाहून ‘तू इथपर्यंत आलास, आता वहीत हे कर’ असे म्हणण्याइतका वेळ गुरुजींकडे असेल का, हे कुठल्याही खेळाच्या घडणीत ठरवता येत नाही. ते शाळेच्या वेळापत्रकात ठरते, आणि त्या वेळापत्रकात परत आलेल्या मुलांसाठी वेगळा तास अजून लिहायचा आहे.